आबांचा मटका, अण्णांची रमी: पार्किन्सनच्या गोळीमुळे घडलेले एक प्रकरण

पार्श्वभूमी

अण्णा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचे, वीज कंपनीत लाइनमन. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नावांऐवजी घरातली नातीच ठेवली आहेत.

2018 साली, वयाच्या 51व्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. आधी चहाचा कप बशीवर वाजायचा, मग पाना धरवेना. खांबावर चढणे बंद झाले आणि त्यांना कचेरीतले काम मिळाले. शहरातल्या मेंदुविकारतज्ज्ञांनी पार्किन्सनचे निदान केले आणि प्रॅमिपेक्सोल सुरू केले.

हे औषध निवडण्यामागे सरळ विचार होता. पार्किन्सनमध्ये मध्यमेंदूतल्या, डोपामाइन हे निरोप पोहोचवणारे रसायन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. लेव्होडोपा हे जुने आणि सर्वांत परिणामकारक औषध शरीरात गेल्यावर डोपामाइनमध्ये रूपांतरित होते. पण ते वर्षानुवर्षे घेतल्यावर, विशेषतः कमी वयाच्या रुग्णांत, हातापायांच्या नको त्या हालचाली सुरू होतात. म्हणून पन्नाशीच्या रुग्णाला आधी डोपामाइनची नक्कल करणारे औषध द्यायचे आणि लेव्होडोपा मागे ठेवायचे, असा प्रघात अनेक ठिकाणी होता. प्रॅमिपेक्सोल हे असेच नक्कल करणारे औषध.

गोळी लागू पडली, हात बराचसा शांत झाला. 2020च्या अखेरीस थरथर पुन्हा जाणवू लागली तेव्हा मात्रा वाढवून दिवसाला 3 मिलिग्रॅम केली. दीड मिनिटाच्या त्या भेटीत हाताबद्दल विचारले गेले, झोपेबद्दल विचारले गेले, चक्कर येते का तेही विचारले गेले. पैशांबद्दल कुणी विचारले नाही, आणि अण्णांच्या वडिलांबद्दलही नाही.

त्या वडिलांना गाव आबा म्हणून ओळखायचे. सत्तरच्या दशकात कल्याण मटक्याचे ओपन-क्लोज लावण्यात त्यांनी चार एकर जमीन घालवली होती. आईने शेतमजुरी करून मुले वाढवली. अण्णांनी त्याचा धसका घेतला होता. दिवाळीत चाळीत पत्त्यांचा डाव बसला की ते उठून जायचे.

काय घडू लागले

2021च्या उन्हाळ्यात अण्णांच्या फोनवर रमीचे एक ॲप आले. सुरुवात दोनशे रुपयांनी झाली. दीड वर्षात भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम संपली, पतसंस्थेत त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या, पाटल्या सोनेतारण गेल्या, आणि कचेरीतल्या सहकाऱ्यांकडून हातउसने घेतलेल्या पैशांचा आकडा अण्णांनाही नीट सांगता येईना. सगळे मिळून नुकसान साडेसहा लाखांच्या आसपास होते.

मुलाच्या लक्षात आले ते पतसंस्थेच्या नोटिशीमुळे. पुढे अशा घरात जे होते ते सगळे झाले. फोन काढून घेतला, अण्णांनी दुसरा आणला. तोही काढून घेतला, तर शेजारच्या पोराच्या फोनवर डाव सुरू झाला. जोतिबाला नेऊन गुलालाची शपथ घ्यायला लावली. आयुष्यभर देवाच्या नावाने खोटे न बोललेल्या माणसाने ती आठवड्याभरात मोडली. धाकट्या भावाने, बापूंनी, बोलणेच टाकले. "आमच्या आबांचं रक्त हाय ते. आज ना उद्या वर येणारच होतं," असे ते सगळ्यांना सांगत.

हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला पटले. अण्णांनाही पटले, आणि याच पटण्याने सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला. रक्तातच आहे म्हटल्यावर कारण शोधायचे उरतेच काय?

आणखी दोन गोष्टी घरात घडत होत्या, पण रमीशी त्यांचा संबंध कुणी जोडला नव्हता. अण्णा रात्री दोन-तीनला उठून माळ्यावरचा जुना मिक्सर, रेडिओ, इस्त्री असे काहीही खोलून बसत. दुरुस्ती होत नसे. स्क्रू आकारानुसार लावायचे, औषधांच्या रिकाम्या डब्यांत भरायचे, पुन्हा ओतायचे, पुन्हा लावायचे, आणि हे उजाडेपर्यंत. दुसरी गोष्ट फक्त काकूंना माहीत होती. नवऱ्याची शारीरिक मागणी एकाएकी वाढली होती आणि नकार त्याला ऐकूच येईनासा झाला होता. तीस वर्षांच्या संसारात असे कधी झाले नव्हते. हे त्यांनी सुनेलाही सांगितले नव्हते.

निदानापर्यंत

2022च्या अखेरीस मुलगा त्यांना आमच्याकडे घेऊन आला तो जुगाराचे व्यसन सोडवायला. पार्किन्सनची फाईल त्याने आणली ती केवळ "सगळे कागद आणा" असे फोनवर सांगितले होते म्हणून. व्यसनाच्या कामात पहिल्या भेटीला आम्ही काळाचा पट मांडतो: काय, कधी, कशानंतर. टेबलावर एका बाजूला औषधांच्या चिठ्ठ्या ठेवल्या, दुसऱ्या बाजूला पासबुक. मुलगा नोंदी वाचत होता. नोव्हेंबर 2020 ला मात्रा वाढलेली. त्या आधीच्या नोंदींत दूध, वीजबिल, विम्याचा हप्ता, नातवाची फी. एप्रिल 2021 ला ॲपकडे गेलेले पहिले दोनशे रुपये. मग पाचशे, मग एका रात्रीत सात नोंदी, त्याही पहाटे.

मुलगा वाचता वाचता थांबला. अण्णा तोवर मान खाली घालून बसले होते, त्यांनी प्रथमच वर पाहिले.

त्यानंतर आमच्या समुपदेशक ताई काकूंशी वेगळ्या खोलीत बोलल्या. रमीबद्दल काही न विचारता त्यांनी खाणे, खरेदी, रात्रीची उठबस आणि नवरा-बायकोतले संबंध यांबद्दल एकेक करून विचारले. शेवटच्या प्रश्नाला काकू रडू लागल्या. "माणूस असा नव्हता हो," एवढेच त्या बराच वेळ म्हणत राहिल्या.

जुगार, तेच ते काम यंत्रासारखे करत राहणे आणि वाढलेली लैंगिक ओढ या तिन्ही गोष्टी डोपामाइनची नक्कल करणाऱ्या औषधांसोबत एकत्र दिसतात, आणि त्या वैद्यकशास्त्राला चांगल्या ठाऊक आहेत. अमेरिका आणि कॅनडातल्या 3,090 पार्किन्सन रुग्णांच्या पाहणीत, जी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली, या गटातली औषधे घेणाऱ्यांपैकी 17.1 टक्के लोकांत जुगार, अनावर खरेदी, अनावर खाणे किंवा अनावर लैंगिक वर्तन आढळले. न घेणाऱ्यांत हे प्रमाण 6.9 टक्के होते. पुढे फ्रान्समध्ये रुग्णांवर पाच वर्षे लक्ष ठेवले तेव्हा ही औषधे घेतलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांत कधी ना कधी असे वर्तन दिसले. इतक्या वेळा होणाऱ्या दुष्परिणामाबद्दल चार वर्षांत एका शब्दाने विचारले जाऊ नये, याचा मला आजही राग येतो.

मेंदूत काय चालले असावे

पार्किन्सनमध्ये डोपामाइनची टंचाई सगळीकडे एकाच वेळी येत नाही. हालचालींचे नियंत्रण करणारा प्युटामेन हा भाग आधी कोरडा पडतो. बक्षीस, ओढ, हुरूप यांच्याशी जोडलेला न्यूक्लिअस अक्युम्बन्स सुरुवातीच्या वर्षांत बराचसा शाबूत असतो. हाताला पुरेशी होणारी मात्रा या दुसऱ्या भागाला जास्त होते. त्यातून प्रॅमिपेक्सोल ज्या डी-3 ग्राहींना (पेशींवरच्या, डोपामाइन जिथे चिकटते त्या जागांना) घट्ट चिकटते ते नेमके याच भागात दाट आहेत. एका शेतातल्या उसाला लागते तेवढे पाणी शेजारच्या हरभऱ्यात सोडावे, तसे हे होते.

पण ओढ वाढली एवढ्याने हरत असतानाही माणूस का खेळत राहतो, हे कळत नाही. त्याचे उत्तर मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून मिळते. अनपेक्षितपणे रसाचा थेंब मिळाला की डोपामाइनच्या पेशी जोरात चेतत. थेंबाची खूण सवयीची झाली की खुणेलाच चेतत. आणि खूण होऊनही थेंब आला नाही, तर त्या क्षणी त्या नेहमीपेक्षाही शांत होत. ही शांतता म्हणजे मेंदूला मिळणारा निरोप: अपेक्षा चुकली, हिशेब बदल. गोळी मात्र ग्राहींना चोवीस तास चेतवत ठेवते, त्यामुळे ती शांतता पडायला जागाच उरत नाही. 2004 मध्ये संशोधक मायकेल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सनच्या रुग्णांना औषध चालू असताना आणि नसताना निवडीचे खेळ दिले. औषधाविना रुग्ण चुकांमधून चांगले शिकत होते. औषध घेतल्यावर जिंकण्यातून शिकणे सुधारले आणि हरण्यातून शिकणे ढासळले.

अण्णांना यातले काहीच माहीत नव्हते. तरी दुसऱ्या भेटीत ते आपणहून म्हणाले, "हरलो की वाईट वाटायला पाहिजे ना, साहेब? मला काहीच वाटायचं नाही. नुसतं वाटायचं, पुढचा डाव माझाच."

मग आबांचे रक्त खोटे का? नाही. वरच्या 2010च्या पाहणीत कमी वय, धूम्रपान आणि घरात जुगाराचा इतिहास असणाऱ्यांत हा त्रास जास्त आढळला. जुळ्यांच्या अभ्यासांवरून जुगाराच्या व्यसनाकडे असलेल्या कलातला साधारण निम्मा वाटा आनुवंशिक धरला जातो. माझे मत असे की अण्णांमध्ये तो कल असावा, आणि पत्त्यांच्या डावातून उठून जाण्याची सवय हा त्यांनी स्वतः घातलेला बांध होता. तो त्यांनी पन्नास वर्षे टिकवला आणि गोळीने काही महिन्यांत फोडला. फोनवर चोवीस तास उघडे असलेले ॲप नसते, तर कदाचित तरीही टिकला असता. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने कायद्याने बंदी आणली ती ऑगस्ट 2025 मध्ये. अण्णांच्या वेळी या ॲपच्या जाहिराती क्रिकेटच्या सामन्यांतही दिसत.

समोरचे पर्याय

कारण कळताच मुलाला त्याच रात्री गोळ्या गटारात फेकायच्या होत्या. हाच सगळ्यांत धोक्याचा मार्ग होता आणि तो थांबवणे आमचे पहिले काम ठरले. असे औषध एकदम बंद केले तर शरीर आखडते. शिवाय काही रुग्णांत धडकी, घाम, वेदना, खोल नैराश्य अशी लक्षणे येतात, जी लेव्होडोपाने आवरत नाहीत. ज्यांना जुगारासारख्या अनावर वर्तनाचा त्रास आधीच झालेला असतो, त्यांच्यातच औषध उतरवतानाची ही लक्षणे जास्त दिसतात.

गोळी तशीच ठेवून फक्त पैसे आणि फोन ताब्यात घ्यावेत, असा सूर आधी खुद्द अण्णांचाच होता. हात पुन्हा थरथरला तर, ही भीती त्यांना रमीपेक्षा मोठी होती. पण पैशांना कुलूप लावल्याने काकूंचा प्रश्न सुटत नव्हता. वर्तन आवरण्यासाठी आणखी एखादी गोळी जोडावी का, याचाही विचार झाला. मानसिक आजारांवरच्या त्या गटातल्या बहुतेक गोळ्या डोपामाइन अडवतात आणि पार्किन्सन बिघडवतात. चालण्यासारख्या एक-दोनच आहेत आणि त्यांचेही स्वतःचे धोके आहेत. आधीच्या गोळीचा परिणाम पुसायला दुसरी गोळी देण्याआधी पहिली काढून पाहणे आम्हाला रास्त वाटले. निव्वळ समुपदेशनावर भर देणे तेव्हा अन्यायाचे ठरले असते. ज्या माणसाच्या मेंदूला हरल्याचा निरोपच मिळत नाही, त्याला तोट्याचा हिशेब समजावून काय होणार?

राहिला एक मार्ग: प्रॅमिपेक्सोल टप्प्याटप्प्याने उतरवायचे आणि त्याची जागा लेव्होडोपाला द्यायची. लेव्होडोपा मागे ठेवण्याचा आग्रह तसाही सैल झालेला आहे. ब्रिटनमध्ये 1,620 रुग्णांवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लेव्होडोपाने सुरुवात केलेल्या रुग्णांनी आपली हालचाल किंचित पण टिकाऊपणे चांगली असल्याचे नोंदवले होते.

काय केले

त्यांच्या मेंदुविकारतज्ज्ञांना आम्ही तारखांचा तक्ता पाठवला. त्यांनी तो मान्य केला आणि उतरता क्रम आखून दिला. 3 मिलिग्रॅमच्या जागी साधारण 300 मिलिग्रॅम लेव्होडोपा धरून हळूहळू बदल सुरू झाला.

पैशांचा बंदोबस्त त्याच आठवड्यात केला, अण्णांच्या सहीनिशी. पगाराच्या खात्यातून घरखर्चाचे पैसे आपोआप काकूंच्या खात्यात जाऊ लागले, अण्णांच्या फोनवरून पैसे पाठवण्याची मर्यादा दिवसाला पाचशे केली, आणि ज्या जमिनीच्या तुकड्याचा सौदा चालला होता त्याची बोलणी थांबवली. मुलगा प्रत्येक सहकाऱ्याकडे जाऊन उसनवारीचा आकडा लिहून घेऊन आला. अण्णांनी एकच अट घातली होती: हे सगळे त्यांच्यादेखत व्हावे, पाठीमागे नको. ती आम्ही काटेकोर पाळली.

काकूंना स्वतंत्र खोलीत झोपण्याचा सल्ला समुपदेशक ताईंनी दिला आणि तो वैद्यकीय सूचना म्हणून कागदावर लिहून दिला, म्हणजे घरात कुणी प्रश्न विचारणार नाही.

पहिले दोन टप्पे निभावले. तिसऱ्या टप्प्याला अण्णा कोसळले. अंगाला दरदरून घाम, छातीत धडधड, सकाळी अंथरुणातून उठायची इच्छा नाही, आणि रडणे. जवळचे नातेवाईक म्हणू लागले की खेळायला मिळत नाही म्हणून नाटक चालले आहे. मुलगा मात्र चिठ्ठी आणि कॅलेंडर घेऊन आला. हे घर एव्हाना तारखा बघायला शिकले होते. मात्रा एक पायरी वर नेली, महिनाभर तिथेच ठेवली आणि पुढची प्रत्येक पायरी निम्मी केली. या काळात आत्महत्येचे विचार येतात का, हे आम्ही दर आठवड्याला सरळ विचारले. उतरवण्याचे काम तीन महिन्यांत होईल असा अंदाज होता. त्याला सात महिने लागले.

परिणाम

रात्रीचे स्क्रू लावणे सगळ्यांत आधी थांबले, मात्रा निम्म्यावर आली तेव्हाच. मग काकूंची तक्रार मिटली. रमीची ओढ शेवटपर्यंत रेंगाळली आणि गोळी पूर्ण बंद झाल्यावर दोनेक महिन्यांनी गेली. ती गेल्यावर अण्णांना तोटा प्रथमच बोचला. पासबुक पुन्हा पाहताना ते इतके खचले की खरे समुपदेशन तिथून सुरू करावे लागले.

किंमतही मोजावी लागली. लेव्होडोपाचा अंमल दुपारी ओसरतो तेव्हा हात थरथरतो, आणि मानेच्या सौम्य अनैच्छिक हालचाली दिसू लागल्या आहेत. पाटल्यांपैकी एक अजून पतसंस्थेत आहे. हातउसने बहुतेक फिटले. बापू बोलू लागले, पण औषधाने असे होते हे त्यांना आजही पटलेले नाही.

काकूंनी एकदा विचारले, "मग जे केलं ते ह्यांनी केलं की गोळीनं?" फ्रान्समध्ये रेन इथल्या अपील न्यायालयाने 2012 मध्ये, याच गटातल्या औषधामुळे जुगारी झालेल्या एका रुग्णाला कंपनीने भरपाई द्यावी असा निकाल दिला होता. कायद्यापुरते ते उत्तर आहे. काकूंना आम्ही सांगितले की ओढ गोळीची होती, लपवाछपवीत अण्णांचाही हात होता, आणि माफ करायचे की नाही हे कोणत्याही तपासणीतून ठरत नाही. त्यांनी मान हलवली. पटले की नाही, सांगता येत नाही.

कुठे वेगळे करता आले असते

सगळ्यांत मोठी संधी 2018 साली होती. घरात कुणाला जुगार, दारू, इतर कसले व्यसन होते का, हा एक प्रश्न तेव्हा विचारला असता तर आबांचा मटका फाईलवर आला असता. मग कदाचित लेव्होडोपाने सुरुवात झाली असती, किंवा प्रॅमिपेक्सोल देताना काकूंना समोर बसवून काय काय बघायचे ते सांगितले गेले असते. आबांची तीच गोष्ट दवाखान्यात इशारा ठरली असती. ती घरातच राहिली आणि तिथे निकाल ठरली.

दुसरी जागा मात्रा वाढवतानाची. वर्तनातला बदल रुग्णाला स्वतःला जाणवत नाही, किंवा जाणवला तरी लाजेने सांगता येत नाही. म्हणून दर भेटीत घरच्यांना वेगळे विचारायला हवे, आणि प्रश्न "काही त्रास?" असा मोघम असून भागत नाही. पैसे, खरेदी, खाणे, शरीरसंबंध, रात्रीची उठबस, असे नावे घेऊन विचारावे लागते. आमच्याकडे आता या औषधावरच्या प्रत्येक रुग्णाच्या जोडीदाराशी बोलायला पाच मिनिटे राखून ठेवली आहेत.

उतरवण्याच्या वेगाबद्दल मतभेद राहिले. कर्ज वाढत असताना सात महिने लावणे घराला जड गेले. पण तिसऱ्या टप्प्यावरची ती अवस्था पाहता पहिल्यापासूनच संथ जायला हवे होते, असे मला वाटते.

हे वाचून कुणी घरच्या माणसाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. बहुसंख्य रुग्णांना या औषधांनी वर्षानुवर्षे हात-पाय परत मिळवून दिले आहेत. तारखा लिहा, औषधांच्या चिठ्ठ्या आणि पासबुक दोन्ही घ्या आणि डॉक्टरांकडे जा.

शेवटच्या भेटीत मुलाने विचारले की आजोबांचे आणि वडिलांचे जे आहे ते आपल्यातही असेल का. एखाद्याला ते नक्की सांगेल अशी जनुकीय चाचणी आज नाही, हे आम्ही त्याला सांगितले. पण ही औषधे फक्त पार्किन्सनला देत नाहीत. रात्री पाय अस्वस्थ होण्याच्या विकारात प्रॅमिपेक्सोल देतात, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक जास्त बनवणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीतल्या गाठीसाठी कॅबरगोलिन देतात. पुढेमागे अशी वेळ आली तर घरातला हा इतिहास डॉक्टरांना आधी सांगायचा, असे ठरले. त्याने तो स्वतःच्या आणि आपल्या मुलाच्या आरोग्याच्या फाईलवर, पहिल्याच पानावर लिहून घेतला.